शनिवारचा रहाट

इस्रायलच्या दक्षिणेला, ओफाकिम गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपायचा आणि तिथून थोडं आत आमचा मोशाव होता. मोशाव म्हणजे सरकारनं आखून दिलेली शेतकऱ्यांची वसाहत: एकसारखी घरं, एकसारखे जमिनीचे तुकडे आणि घरोघरी एकसारखी कटकट. बहुतेक माणसं मोरोक्कोहून आलेली. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथे आलेली आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, घरं तीन-चारच. शेतीतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. बाबा मुंबईत मिलमध्ये फिटर होते. बंदरावर उतरलो, ट्रकमध्ये बसवलं, ट्रकनं इथे आणून सोडलं, म्हणून आम्ही शेतकरी झालो. तुम्हाला हे हवंय का, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला आमच्याकडे भाषा नव्हती.

दुभत्या गायी वस्तीतल्या गोठ्यात असत. वासरं मात्र लांब, अर्ध्या तासाच्या वाटेवर, कुंपण घातलेल्या माळावर ठेवत. बाहेरून आणलेल्या वासरांमुळे एकदा गायींना रोग लागला होता, तेव्हापासून वासरांना वस्तीत आणायची सक्त मनाई होती. ती राखायचं काम मोशावाच्या समितीनं बाबांना दिलं. दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून दिलं, हे बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक घराचं एखाद-दुसरं वासरू त्या कळपात होतं. बाबांना वाटायचं, लोकांनी आपल्यावर विश्वास टाकला आहे. मी तेव्हा सतरा-अठराची होते आणि मला ते बघून त्यांची कीव यायची, रागही यायचा.

विश्वासाचं त्यांना इतकं अप्रूप का, तेही सांगते. आम्ही आलो त्या वर्षांत इथल्या काही मोठ्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, शंका होती, की हे हिंदुस्थानातले लोक खरे यहुदी आहेत का. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न अश्दोदच्या मुलाशी ठरलं, तेव्हा बाबांना रब्बींच्या कचेरीत बोलावलं. मुलीच्या आईची आई कोण, तिची आई कोण, ती यहुदी होती कशावरून, असं तासभर विचारत होते. बाबांनी मान खाली घालून जमेल तितकं सांगितलं. लग्न झालं शेवटी. पण पुढे घरात कुणी रब्बी हा शब्द काढला की बाबा उठून बाहेर जायचे.

वासरांना पाणी ट्रॅक्टरला जोडलेल्या टँकरनं यायचं. यायचं म्हणजे आला तर आला. सदुसष्टच्या युद्धानंतर चालवणारी निम्मी पोरं सैन्याच्या बोलावण्यावर असायची, आणि उरलेल्यांना माळावरची वासरं आठवायची ती सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात वासरं कुंपणाला तोंड लावून रस्त्याकडे बघत उभी राहायची. बाबा त्यांच्या शेजारी उभे राहून तिकडेच बघायचे.

माळाच्या टोकाला एक जुनी विहीर होती. तिच्यावर लोखंडी सांगाडा गंजत पडला होता: एक आडवं दात्यांचं चाक, एक उभं चाक, तुटलेली साखळी, आणि तिला लटकलेले दोन-चार सडके पोहरे. विहिरीभोवती जनावर फिरून फिरून पडलेली गोल वाट अजून दिसत होती. विहीर कुणाची होती, हे आम्ही विचारलं नाही. ज्यांची होती ते अरब गेले होते, आणि कसे गेले हे मोशावात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे. बाबांनी मात्र तो सांगाडा पहिल्यांदा बघितला आणि गंजलेल्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "अगो, हा तर आपला रहाट हाय!"

खरंच रहाट होता. अलिबागच्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्यांना असाच रहाट पाणी द्यायचा, फक्त लाकडाचा आणि पोहऱ्यांच्या जागी मातीची गाडगी. लहानपणी बाबा त्या रहाटाच्या दांड्यावर बसून बैलामागून गोल गोल फिरायचे. इस्रायलमध्ये आल्यापासून ओळखीची अशी ती पहिलीच वस्तू त्यांना भेटली. त्या दिवसापासून त्यांनी जो ध्यास घेतला तो विचारू नका.

समितीनं हसून परवानगी दिली. मोफत होतं ना. बाबांनी चाकांवर रॉकेल ओतून गंज खरवडला. मोडलेले दाते नेतिवोतच्या एका वेल्डरकडून जोडून आणले. आसाखालची लाकडी ठोकळी सडली होती, ती निलगिरीच्या ओंडक्यातून तासली आणि ट्रॅक्टरच्या वापरलेल्या तेलात भिजत ठेवली. पोहरे कशाचे करायचे हा प्रश्न होता, तो बीरशेबाच्या भंगारवाल्याकडे सुटला. सैन्याचे गोळ्यांचे रिकामे डबे तिथे ढिगानं पडले होते, चांगल्या जाड पत्र्याचे. ते बाबांनी साखळीला बांधले आणि प्रत्येकाच्या बुडाला बारीक भोक पाडलं. आई म्हणाली, "भोक पाडलेल्या डब्यानं पाणी काढनार? डोस्कं फिरलंय काय?" बाबांनी समजावलं, की रहाट थांबला की डब्यांतलं पाणी हळूहळू परत विहिरीत गेलं पाहिजे, नाहीतर सगळं वजन साखळीवर राहतं आणि ती तुटते. गाडग्यांनाही असंच भोक असायचं.

विहिरीशेजारी पाण्याचा हौद होता, त्याचा गिलावा पार उडाला होता. सिमेंट मागितलं तर समितीनं नाही म्हटलं. बाबांनी कोकणातली रीत काढली, चुन्यात गूळ घालून गिलावा. गूळ इथे कुठला? खजुराचा पाक घातला. आई दोन दिवस करवादत होती, पण हौद उजळ झाला आणि पाणी धरू लागला.

खेचर दिलं ते आमच्या मोरोक्कन शेजाऱ्यानं. तोच सिनेगॉगचा कारभारी होता; प्रार्थनेला कोण कुठे बसणार, काय वाचणार, हे सगळं तो बघायचा. माणूस भला, आवाज मात्र असा की कुजबुजला तरी तीन घरांत ऐकू जावं. त्याची दोन वासरं कळपात होती. खेचराच्या डोळ्यांना बाबांनी झापड बांधली, दांड्याला जुंपलं, आणि रहाट कुरकुरत फिरायला लागला. पहिले डबे गढूळ चिखल घेऊन आले, मग पाणी. बाबांनी ओंजळीत घेऊन चाखलं. किंचित खारट होतं, पण वासरांना चालण्यासारखं होतं. आईनं त्या दिवशी मलिदा केला. आमच्यात काही चांगलं घडलं की एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करतात, तो. मोरोक्कन शेजाऱ्यांनी संशयानं चिमूटभर खाल्ला आणि मग ताट चाटूनपुसून मोकळं केलं.

बाबांचा एक नेम होता. शुक्रवारी दुपारी हौद काठोकाठ भरायचा, आणि सूर्य कलला की खेचर सोडायचं. शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून रहाट बंद. गावाकडे आमचा तेलाचा घाणा होता, तोही शनिवारी बंद असायचा, म्हणून तर गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. कोकणात आमच्या लोकांजवळ पुस्तकं उरली नव्हती, हिब्रू उरली नव्हती, प्रार्थनाही अर्ध्या विसरलेल्या. पण शनिवारी चाक फिरवायचं नाही, हे शेकडो वर्षं कुणी विसरलं नाही. बाबांच्या लेखी तोच पुरावा होता. रब्बींच्या कचेरीत हे सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण हिब्रूत घाण्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

सगळा उन्हाळा ठीक गेला. टँकर येणं जवळजवळ बंदच झालं, कारण आता गरज काय? मग नव्या वर्षाच्या सणांच्या जरा आधी शरव सुटला. शरव म्हणजे वाळवंटाकडून येणारा भाजून काढणारा वारा. आकाश पिवळं होतं, दाराच्या कड्या हात भाजतात, आणि माणसं खिडक्या लावून आत पडून राहतात. त्या शुक्रवारी बाबांनी हौद भरला आणि आम्ही घरी आलो.

शनिवारी सकाळी मी आणि आई त्यांच्याबरोबर माळावर गेलो. लांबूनच हंबरडा ऐकू आला. हौद कोरडा होता. त्या वाऱ्यानं गिलाव्याला बोट जाईल अशी भेग पडली होती, आणि रात्रीत सगळं पाणी वाळूत गेलं होतं. तिसेक वासरं हौदाच्या तळाची ओल चाटत होती, एकमेकांच्या अंगावर चढत होती. चार पावलांवर विहीर होती, भरलेली. जरा वाकलं तर खोल पाणी चमकताना दिसत होतं, पण तिथवर पोचेल असा दोर आमच्याकडे नव्हता.

"खेचर आणते," मी म्हणाले.

"शब्बाथ हाय," बाबा म्हणाले.

"मग आपण ढकलू दांडा. तिघं आहोत."

"चाक फिरायचं नाय."

मला वाटलं, घटकाभरानं तरी त्यांचं मन वळेल. सूर्य वर आला. वारा इतका तापला की श्वास घेताना नाक जळायचं. वासरांनी हंबरणं थांबवलं, आणि ते हंबरण्यापेक्षा वाईट होतं. ती जीभ बाहेर काढून नुसती उभी राहिली. आई आणि मी बाबांना न जुमानता घरी जाऊन दोन डबे पाणी डोक्यावर घेऊन आलो. वासरांनी धडक मारून डबे उपडे केले, आणि होतं नव्हतं ते मातीनं प्यायलं. मी दांड्याला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं. जन्मात कधी माझ्यावर हात उगारला नव्हता त्यांनी, पण त्या दिवशी बोटांचे वळ उठले.

मी ओरडले, "वासरं मरतील! लोकांची आहेत, आपली नाहीत!"

"म्हनूनच," ते म्हणाले. "शनवारी आपला घाना थांबायचा. अख्खा गाव तेलाला दारात आला तरी थांबायचा. आपल्याकडं तेवढंच होतं. आता इथं, यांच्या देशात येऊन मी चाक फिरवू? उद्या म्हनतील, बघा, आम्ही म्हनत नव्हतो?"

यांच्या देशात म्हणाले. आपला देश म्हणून सगळं विकून आलो होतो आम्ही.

मी म्हटलं, निदान रब्बींना विचारून येते. मोशावाचे रब्बी म्हातारे, मोरोक्कोचेच, साधा माणूस. त्यावर बाबांचा चेहरा असा झाला, की आईनंच माझा दंड धरला. "विचारायचं? यहुदी मानसाला शब्बाथ म्हायती नसतो?" बाबा म्हणाले. "त्यांच्या दारात गेलीस तर परत माझ्या दारात येऊ नको." मी गेले नाही. आमच्याकडे बाप असं बोलल्यावर मुली जात नसत, आणि आईनं दंड सोडलाही नाही.

दुपारी पहिलं वासरू बसलं ते उठलं नाही. बाबा त्याच्याजवळ बसले. आपल्या पाण्याची बाटली त्यांनी त्याच्या तोंडात ओतली, सदरा काढून त्याच्या डोक्यावर सावली धरली. दिवसभर त्यांनी स्वतः पाण्याचा घोट घेतला नाही. मी त्यांचा तिरस्कार करत होते आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. वासरू गेलं तेव्हा त्यांनी त्याच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलल्या आणि तिथेच बसून राहिले.

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. बाबा बघत बसले होते. तिसरा दिसला आणि ते उठून दांड्याला भिडले. खेचर आणायलाही थांबले नाहीत. आम्ही तिघांनी छातीनं दांडा ढकलला. डबे वर यायला लागले, पन्हळीतून पाणी धो धो पडलं. भेगेत आईनं आपल्या साडीचा पदर फाडून कोंबला. वासरं तुटून पडली. पोटं फुगेस्तोवर प्यायली, मान वर न काढता. बाबा ढकलत होते आणि रडत होते. "पिया रे, पिया," म्हणत होते. मला वाटलं, सुटलो.

कोकणात तहानलेलं जनावर कुणी बघितलंय? पाणी मिळालं की झालं, एवढंच आम्हाला ठाऊक. तहानेनं सुकलेल्या वासराला एकदम पोटभर पाणी दिलं तर तेच पाणी त्याला मारतं, थोडं थोडं द्यावं लागतं, हे दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही गेलो तर काही वासरं आडवी पडून पाय झाडत होती, लघवीतून रक्त जात होतं. दुपारपर्यंत नऊ गेली. त्यात शेजाऱ्याची दोन्ही.

सगळा मोशाव माळावर जमला. रब्बीही आले, काठी टेकत. त्यांनी बाबांना काय झालं ते विचारलं, आणि बाबांच्या मोडक्या हिब्रूतून त्यांना नीट कळेना, म्हणून मी सांगितलं. मग माझ्याकडे वळून, बाबांचा हात हातात धरून, हळू बोलले. ते मला मराठीत करून बाबांना सांगावं लागलं.

मी सांगितलं, "ते म्हणतात, चाललं असतं. खेचर जुंपता आलं नसतं, पण मुक्या जनावराचे हाल होत असतील तर माणसांनी चाक फिरवायला मुभा आहे. कायद्यातच आहे तसं. ते म्हणतात, मला का नाही विचारलं? मी स्वतः आलो असतो दांडा ढकलायला."

बाबांनी रब्बींच्या हातातून आपला हात काढून घेतला. मला वाटलं होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगताना मला बरं वाटेल. वाटलं नाही.

मग शेजारी पुढे आला. आपल्या दोन मेलेल्या वासरांकडे त्यानं एकदा बघितलं. मी मनाची तयारी केली होती, हा आता शिव्या देणार, खेचर घेऊन जाणार. त्यानं बाबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. आणि त्या मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की असा यहुदी मी मोरोक्कोतही पाहिला नाही. माना डोलल्या. बायकांनी डोळे पुसले. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. खड्डा खणायला सगळे पुरुष थांबले आणि बाबांना फावड्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

पुढच्या शनिवारी सिनेगॉग भरलं होतं. आम्ही बायका मागे पडद्याआड. इतक्या वर्षांत बाबांना तोरा हा धर्मग्रंथ वाचायच्या वेळी वर बोलावण्याचा मान कधी मिळाला नव्हता. नेहमी कुणीतरी जास्त लायक निघायचं. त्या दिवशी कारभाऱ्यानं, म्हणजे आमच्या शेजाऱ्यानं, पहिल्या काही नावांतच बाबांचं नाव पुकारलं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, नीट, न अडखळता. बहुतेक आदल्या दिवशी पाठ केलं असावं. सगळे वळून बाबांकडे बघायला लागले. आईनं माझा हात घट्ट धरला.

बाबा उठले नाहीत. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, त्यांनी नुसती मान हलवली. परत पुकारलं. मग त्यांनी खांद्यावरची प्रार्थनेची चादर काढली, घडी घातली, बाकावर ठेवली आणि बाहेर निघून गेले. लोकांनी त्यालाही नम्रपणाच मानलं.

आम्ही घरी गेलो तर ते ओट्यावर बसले होते. आईचा तोल सुटला. "इतक्या वर्सांनी बोलवलं तुमाला," ती म्हणाली, "आन तुमी उठून आलात? ह्येच तर पायजे होतं ना तुमाला? बोला ना, ह्येच पायजे होतं ना?"

"व्हय," बाबा म्हणाले. "ह्येच पायजे होतं. म्हनून तर मेली ना गो ती वासरं."